चाकाखालचे दगड

क्लच जळाल्याचा वास मला फाटकातच आला. चपला हातात घेऊन मी चढ चढत होतो, कमरेपर्यंत भिजलेला. वर शेडमध्ये गाडीचं इंजीन जीव तोडून ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती.

साहेबांची सूनबाई स्टिअरिंगवर होती. केस ओले, तोंड पांढरं पडलेलं. मला बघताच तिने काच खाली केली.

"काका, बरं झालं आलात. हलतच नाही हो. पहिला टाकला, रिव्हर्स टाकला. नुसती घरघरते."

"आधी बंद कर. क्लच जाईल. निघालीस कुठे?"

"बाबांच्या छातीत दुखतंय. पहाटेपासून. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती पुलापलीकडे अडकलीय. म्हणाले, पाणी उतरलं की बघू. बघू म्हणे."

मी आत वाकून हँडब्रेककडे पाहिलं. तो खाली होता.

"तू सोडलास?"

"हो. बसले तेव्हा वर होता." तिने कपाळावरचे ओले केस मागे सारले. "मीच ओढला असणार, काका. बुधवारी सुरू करायला आले होते ना, तेव्हा."

मी डिकीतून हातोडी आणि जॅकचा दांडा काढला आणि मागच्या चाकापाशी चिखलात आडवा झालो.

हँडब्रेक तिने ओढला नव्हता. मी ओढला होता, सोमवारी संध्याकाळी.

ते घर चढावर होतं आणि शेडची जमीनही रस्त्याकडे उतरती होती. साहेब जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या नळीने पातळी काढून उतार मोजला होता आणि कुणीही आलं की आकडा सांगायचे. सगळंच मोजायचे. चहा कपात बोटभर कमी हवा, दिवाणखान्यातलं घड्याळ भिंतीच्या बरोब्बर मधोमध हवं. वहिनी म्हणायच्या, "लग्नाआधी माझी उंची टेपने मोजली नाही एवढंच नशीब." त्यावर साहेब शांतपणे म्हणायचे, "नजरेने मोजली होती. अर्धा इंच चुकली."

नोकरीत होते तेव्हा त्यांची जीप मी चालवायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली आणि मला बोलावून म्हणाले, "वस्ताद, गाडी मी चालवणार नाही, मला भीती वाटते. तू ये." मी तेव्हा पन्नाशीला आलो होतो. वस्ताद हे नाव त्यांनीच ठेवलेलं. वस्तादाला तोपर्यंत आपल्या सहीपलीकडे एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

साहेबांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि मी बोलायचो कमी. म्हणून त्यांनी एक पाटी आणली, शेडच्या खांबाला खिळा मारून टांगली आणि शेजारी डब्यात खडू ठेवला. गाडीचं जे काही करशील ते लिहून जायचं, असा हुकूम झाला. अक्षरं त्यांनीच शिकवली, बॉनेटवर पाटी ठेवून. पहिल्या वर्षी मी फक्त 'हवा भरली' एवढं लिहायला शिकलो. दुसऱ्या वर्षी 'बॅटरी' जमलं. त्या 'बॅ'वरचा अर्धचंद्र मला महिनाभर छळत होता.

पावसाळ्यात पाटी रोज भरायची. पावसाळ्यात गाडीचं करणं म्हणजे आजारी माणसाचं करण्यासारखं असतं, एक दिवस चुकवून चालत नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पाल्याने बुजतात आणि दार आतून सडतं. ती मी खराट्याच्या काडीने मोकळी करायचो. पायाखालचे रबर उचलून खाली वर्तमानपत्रं घालायची आणि ती ओली झाली की बदलायची. बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचं. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायची. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. रोज सकाळी दहा मिनिटं इंजीन चालू ठेवायचं, कुठे जायचं असो वा नसो.

आणि हँडब्रेक ओढायचा नाही. हा माझा सगळ्यात कडक नियम होता. गाडी पाण्यातून आली की मागच्या चाकांचे ब्रेक ओले होतात. तशात हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली की आतले पट्टे गंजून ड्रमला चिकटतात. मग खाली दांडी सोडली तरी चाक सुटत नाही. म्हणून पावसाळाभर गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकांखाली दोन दगड लावायचे. दगडांशिवाय चालायचं नाही. इंजीन जुनं झालं होतं, गिअरमध्ये ठेवली तरी गाडी त्या उतारावर रात्रीतून हातभर खाली सरकायची.

सूनबाई त्या वर्षी गाडी शिकली. तिचा नवरा कामासाठी दूरच्या शहरात असायचा, महिन्यातून एकदा यायचा. ती टपाल कचेरीत नोकरी करायची आणि सासू-सासऱ्यांना सांभाळायची. ड्रायव्हिंगच्या शाळेत तिला पढवलं होतं, गाडी थांबली की पहिला हँडब्रेक. ती सवय मोडायला मी महिनाभर तिच्या मागे लागलो होतो.

"परत ओढलास?"

"सॉरी, काका. हात आपोआप जातो."

"हात आपोआप जातो, मग गाडी आपोआप चिकटते. मग मला नाही बोलवायचं."

साहेब वरून ओट्यावरून हसायचे. "वस्ताद, माझ्या सुनेला रडवशील."

"रडू दे, साहेब. गाडी रडण्यापेक्षा बरं."

त्या सोमवारी मी साहेबांना दवाखान्यात तपासायला नेऊन आणलं होतं. येताना खालच्या रस्त्यावर चाकं निम्मी बुडतील एवढं पाणी होतं. शेडमध्ये गाडी लावली, दगड लावायला वाकलो, तेवढ्यात वहिनींची हाक आली. मागच्या न्हाणीवरचा पत्रा वाऱ्याने उचलत होता, धाडधाड आपटत होता.

"काहीतरी वजन ठेव बाबा त्यावर. उडून कुणाच्या मानेवर पडेल."

"काय ठेवू?"

"ते गाडीचे दगड ठेव. एका रात्रीने काय होतंय."

मी दगड पत्र्यावर चढवले. परत येऊन गाडीपाशी उभा राहिलो. दुसरे दगड आणायचे तर खाली ओढ्याकडे जायला हवं होतं. अंधारून येत होतं, पाऊस आडवा लागत होता आणि मला घरी पोचायचं होतं. एका रात्रीचा प्रश्न आहे, सकाळी पहिलं काम हे, असं म्हणून मी हँडब्रेक ओढला. आणि सवयीने तारीख घालून पाटीवर लिहिलंही. 'हँडब्रेक ओढलाय. दगड पत्र्यावर. उद्या सकाळी सोडायचा.'

त्या रात्री पाणी चढलं आणि मंगळवारी सकाळी आमच्या वस्तीतून बाहेर पडायला वाट राहिली नाही.

इथवर मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पुढचं नाही. बुधवारी संध्याकाळी उशिरा वाण्याच्या दुकानातला फोन चालू झाला. रांगेत उभा राहून मी साहेबांच्या घरी लावला. सूनबाईने उचलला.

"काका, तुम्ही बरे आहात ना? पाणी घरात आलं का?"

"उंबऱ्याला लागलंय. साहेब कसे आहेत?"

"बरे आहेत. पाऊस मोजतायत, अंगणात बादली ठेवून. तुमची गाडी मी आत्ताच सुरू करून आले. दहा मिनिटं. लाइट नाही, शेडमध्ये डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, पण केली."

"शाबास," मी म्हटलं.

माझ्या ओठांवर आलं होतं. हँडब्रेक सोड, गाडी जरा मागेपुढे कर. एवढंच सांगायचं होतं. पण ज्या मुलीला मी महिनाभर त्याच एका गोष्टीवरून बोल लावला, तिला मी कसं सांगणार होतो की ओल्या ब्रेकवर मीच हँडब्रेक ओढून आलो आहे? ती हसली असती. साहेबांना सांगितलं असतं, साहेबही हसले असते. वस्तादाची फजिती झाली असती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, उद्या-परवा पाणी उतरेल, मी स्वतः जाऊन गुपचूप सोडवीन.

"गाडीला जप," एवढं बोलून मी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी त्या गाडीखाली पडून हातोडी मारत होतो.

शेजारचा शिंपी धावत आला होता. त्याची स्वतःची गाडी खालच्या रस्त्यावर पाण्यात बंद पडलेली. साहेबांना खुर्चीत बसवून शेडच्या तोंडाशी आणलं होतं. वहिनी त्यांच्यावर छत्री धरून उभ्या होत्या. टेकडीमागचा दवाखाना पुलाच्या आमच्याच बाजूला होता आणि तिकडच्या वरच्या रस्त्यावर पाणी नव्हतं. गाडी हलली असती तर दहा मिनिटांची वाट.

डावं चाक सुटायला बराच वेळ गेला. ड्रमच्या कडेवर चारी बाजूंनी ठोके मारायचे, मग सूनबाईने गाडी गिअरमध्ये टाकून हिसका द्यायचा, शिंप्याने मागून रेटायचं, पुन्हा ठोके. शेवटी खाडकन आवाज आला आणि चाक फिरलं. उजवं मात्र हूं की चूं करेना.

"किती वेळ लागेल, वस्ताद?" साहेबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता. त्यांचा हात छातीवर होता आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"पाच मिनिटं, साहेब."

पुन्हा ठोके, पुन्हा हिसका. माझ्या पंजाची साल निघाली होती, पण दुखत नव्हतं. मधे एकदा मी वर पाहिलं. साहेब माझ्याकडे बघून किंचित हसले.

"अकरा झाली," ते म्हणाले. "तुझं माप चुकतंय."

त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते.

उजवं चाक सुटलं. आम्ही त्यांना मागच्या सीटवर निजवलं, डोकं वहिनींच्या मांडीवर. मी गाडी चालवली. त्या रस्त्यावर इतक्या वेगात ती कधी पळाली नव्हती. टेकडीच्या वळणावर वहिनी म्हणाल्या, "हळू चालव आता." मला वाटलं धक्के बसतायत म्हणून म्हणाल्या. आरशात पाहिलं तर त्या साहेबांचा चष्मा काढून पदराने पुसत होत्या.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने घड्याळ बघून वेळ लिहिली आणि खाली मान घालून म्हणाला, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

मुलगा दोन दिवसांनी पोचला, पूल मोकळा झाल्यावर. माणसं भेटायला येत होती. जो येई तो माझ्याकडे बोट दाखवून सांगे, हा बघा, कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. स्वतःच्या घरात पाणी असताना आला. एका म्हाताऱ्याने माझे हात हातात घेतले, पट्टी बांधलेले. मी ते काढून घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी मी ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. आत मुलगा बायकोशी बोलत होता, दार उघडंच होतं.

"गाडी शिकली म्हणे. काय शिकली? हँडब्रेक ओढायला शिकली."

"मला खरंच आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवत नाही. माणूस गेला, आणि हिला आठवत नाही."

ती बाहेर आली आणि माझ्याजवळ खालच्या पायरीवर बसली. समोर अंगण होतं. साहेबांची पाऊस मोजायची बादली अजून तिथेच होती, भरून वाहत होती.

"काका, तुम्ही सांगितलेलं मला पाठ होतं हो. पण अंधार होता. हात आपोआप गेला असेल का माझा?"

मला तेव्हा तोंड होतं आणि तोंडात जीभ होती.

"होतं असं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. जणू मी तिच्यावर उपकार केले होते.

त्या दिवसापासून ती कचेरीतून आली की घरात जायच्या आधी शेडमध्ये जायची आणि फडकं घेऊन गाडी पुसायची. टप पुसायची, दारं पुसायची, चाकांच्या टोप्या पुसायची. पाऊस चालू असायचा, शेडचं छत चार ठिकाणी गळत होतं, पुसलेलं पुन्हा ओलं व्हायचं. ती पुन्हा पुसायची. कुणी तिला थांबवलं नाही. नवरा जाताना तिच्याशी बोलला नाही, असं शिंपी मला म्हणाला.

आठव्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. पाटी काढायची, तशीच्या तशी ओट्यावर नेऊन ठेवायची. बोलणं मला कधी जमलं नाही, पण लिहिलेलं तर होतं. सोमवारची तारीख होती, अक्षर माझं होतं.

पाटी खिळ्यावर होती आणि कोरी होती.

मी ती उलटीसुलटी करून पाहिली. खडूचा भुगासुद्धा नव्हता. गळत्या पाण्याने अक्षरं फिसकटतात, ओघळ राहतात. ही हाताने पुसलेली होती, कोपऱ्याकोपऱ्यांतून.

"मी पुसली," मागून वहिनी म्हणाल्या.

त्या शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या, जिथे साहेबांची खुर्ची ठेवली होती.

"वाचली होतीत?"

"वाचल्याशिवाय पुसेन का?" त्या आत आल्या आणि गाडीच्या दाराला टेकल्या. "दवाखान्यातून परत आलो त्याच दुपारी. चष्म्याचं घर गाडीत राहिलं होतं, ते न्यायला आले तर समोर पाटी."

"वहिनी, पोरीला सगळे बोलतायत."

"ऐकते आहे मी. बहिरे ते होते."

"मग?"

"मग काय? तू सांगशील, तर लोक विचारतील दगड का नव्हते. दगड मी मागितले. एका रात्रीने काय होतंय, हे मी म्हणाले." त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "माझ्या मुलाने मला तसं बघितलेलं मला सोसणार नाही रे. ती तरुण आहे. नवरा-बायकोचं भांडण, चार महिन्यांनी मिटेल. तुला या वयात कोण दारात उभं करील? आणि मी कुठे जाऊ?"

त्या म्हणाल्या ते सगळं बरोबर होतं, आणि तरी रोज संध्याकाळी ती मुलगी गाडी पुसत होती.

"तुमचं नाव नाही निघणार," मी म्हटलं. "दगड मागितले तुम्ही, पण हँडब्रेक ओढायला नाही सांगितलंत. आणि बुधवारी फोनवर तुम्ही नव्हतात."

"कसला फोन?"

मी त्यांना सांगितलं. सांगायला दोन वाक्यं पुरली. त्यांनी दारावरचा हात काढून घेतला, ओला तळवा पदराला पुसला आणि त्या घराकडे गेल्या. इतक्या वर्षांत त्या मला चहा न विचारता कधी गेल्या नव्हत्या.

मी मागे जाऊन न्हाणीवरचे दगड उतरवले. पत्रा त्यांच्याशिवायही हलत नव्हता, वारा केव्हाच पडला होता. दगड आणून पुढच्या चाकांखाली लावले, पायाने दाबून पाहिले. दारांची भोकं काडीने मोकळी केली. आतली वर्तमानपत्रं भिजून लगदा झाली होती, ती काढून कोरडी घातली. मग डब्यातून खडू काढला.

पाटीवर वरून थेंब पडत होते. शर्टाने पुसली, पण शर्टच ओला होता. तशा ओल्या पाटीवर मी लिहिलं. 'हँडब्रेक मी ओढला होता. सूनबाईने नाही. बुधवारी फोनवर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.' इतकं मोठं मी त्या पाटीवर कधी लिहिलं नव्हतं. शेवटचे शब्द कडेला दाटीने बसवावे लागले.

लिहून झालं तरी काही दिसत नव्हतं. ओल्या पाटीवर खडू उमटत नाही, पाटी सुकली की दिसतो. मी ती नेहमीच्या खिळ्यावरून काढली, जिथे छत गळत नव्हतं तिथे टपावर टेकवून ठेवली, तिचं फडकं होतं त्याच्या शेजारी. गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. आणि शेडच्या तोंडाशी बसून राहिलो.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पाटीचा वरचा कोपरा सुकून फिका झाला होता. 'हँड' एवढं वाचता येत होतं. 'मी' अजून उमटायचा होता. तेवढ्यात खाली फाटक वाजलं आणि चढावर तिची पावलं ऐकू आली.